वरातीमागून घोडं: स्पास्की विरुद्ध गेलर, सुखुमी १९६८, डाव सहावा

काळ्याची एकविसावी चाल झाली आहे. आधी पट नीट बघून घेऊ. ए फाईल, म्हणजे पटाची ए ची उभी ओळ, पूर्ण काळ्याच्या ताब्यात. एक हत्ती थेट ए२ वर, म्हणजे पांढऱ्याच्या माजघरात. ए६ वर वजीर. आणि आत्ताच एक घोडा ए३ वर येऊन टेकला आहे. वजीर, घोडा, हत्ती असे तिघे एकाच फाईलमध्ये, रेशनच्या रांगेत उभे राहावेत तसे एकामागे एक. हत्ती आणि घोडा दोघांचाही डोळा सी२ च्या प्याद्यावर, आणि त्याला राखायला पांढऱ्याचा एकुलता एक हत्ती. पुढच्या चालीला हे प्यादं जाणार, असं कुणीही म्हणेल. दोन्हीकडचे मोहरे मोजा: बरोबर सारखे.

पुढच्या अकरा चालींत काळ्याने डाव सोडला.

काळे मोहरे घेऊन बसलेला माणूस नवखा असता तर या डावावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. तो येफिम गेलर होता. ओडेसाचा, १९२५ चा जन्म. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, तयारीत सोव्हिएत संघातही त्याच्या तोडीचे फार थोडे. बोटविनिक, स्मिस्लोव्ह, पेट्रोशियन, फिशर या चौघा विश्वविजेत्यांशी त्याचा आयुष्यभराचा हिशेब मांडला तर हरल्यापेक्षा जिंकलेले डाव जास्त निघतात. अशा माणसाने केलेल्या चाली एकेक करून तपासल्या तर वेडगळ अशी एकही सापडत नाही. प्रत्येक चालीला कारण आहे, बहुतेकींना पुस्तकाचा आधार आहे. तरी शेवटी राजा उघड्यावर. हे कसं झालं, एवढंच इथे बघायचं आहे.

सामना आणि ओपनिंगची निवड

१९६८ चे आव्हानवीर सामने, म्हणजे विश्वविजेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारे; उपांत्यपूर्व फेरी. गाव सुखुमी, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचं, तेव्हाच्या जॉर्जियन सोव्हिएत प्रजासत्ताकातलं. (याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला बाटुमी आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तो तिथेच. नकाशात दोन्ही गावं एकदा शोधाच.) समोर बोरिस स्पास्की, वय एकतीस. तीन वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, याच टप्प्यांतून जाताना त्याने गेलरला रिगामध्ये हरवलं होतं. पुढे विश्वविजेतेपदासाठी पेट्रोशियनशी खेळला आणि तिथे थोडक्यात हुकला. आता पुन्हा पहिल्या पायरीपासून.

गेलर सिसिलियन खेळणार, म्हणजे ई४ ला सी५ ने उत्तर देणार, हे उघड होतं. आदल्याच वर्षी स्कोप्येच्या स्पर्धेत त्याने फिशरला सिसिलियनमध्येच काळ्या मोहऱ्यांनी हरवलं होतं, तेही फिशरच्या आवडत्या हल्ल्याला सामोरं जाऊन. अशा माणसासमोर खुल्या सिसिलियनमध्ये शिरणं म्हणजे त्याच्या घरी जाऊन त्याच्याच हातचं जेवणं. त्यात मीठ किती, मिरची किती, सगळं तोच ठरवणार.

खुल्या सिसिलियनमध्ये पांढरा दुसऱ्या चालीला घोडा एफ३ वर आणतो आणि तिसऱ्या चालीला डी४ करतो. प्याद्यांची अदलाबदल होते, मध्य मोकळा होतो, आणि पंधराव्या चालीपर्यंत दोघांपैकी कुणाचं पाठांतर पक्कं यावरच डाव पुढे सरकतो. बंद सिसिलियनमध्ये पांढरा डी४ करतच नाही. दुसऱ्या चालीला वजिराच्या बाजूचा घोडा सी३ वर येतो, मग जी३, उंट जी२, डी३, एफ४. मध्य कुलूपबंद राहतो. लगेच कुणी कुणाला हात लावत नाही. पांढरा राजाच्या बाजूला सरकतो, काळा वजिराच्या बाजूला. दोन शेजारी एकमेकांच्या परसात भिंत पाडायला निघालेत, आणि कुणाची भिंत आधी पडते एवढाच प्रश्न. स्मिस्लोव्हने ही ओपनिंग आधीच्या पिढीत मोठ्या स्पर्धांत वापरून दाखवली होती. स्पास्कीने तिला दात बसवले.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. सहाव्या डावापर्यंत येईतो याच सामन्यात गेलरने या ओपनिंगचा फटका खाल्लेला होता. तरी त्याने आपला आराखडा बदलला नाही. मला यात हट्ट दिसतो, आणि तो जाणकाराचा हट्ट आहे. ज्याला काही येत नाही तो घाबरून ओपनिंग बदलतो. ज्याला सगळं येतं त्याला वाटतं, आराखडा बरोबरच आहे, फक्त एखादी चाल सुधारायची राहिली.

पट मांडा

मोबाईलवर न बघता खराखुरा पट मांडला तर जास्त मजा येईल.

१. ई४ सी५ २. घोडा सी३ डी६ ३. जी३ घोडा सी६ ४. उंट जी२ जी६ ५. डी३ उंट जी७ ६. एफ४ घोडा एफ६ ७. घोडा एफ३ किल्लेकोट ८. किल्लेकोट हत्ती बी८

दोघांचेही राजे लहान बाजूला, किल्लेकोटात. आठव्या चालीला काळ्याचा हत्ती बी८ वर गेला, कारण बी५ आणि मग बी४ करून सी३ च्या घोड्याला हुसकवायचं आहे. ही बंद सिसिलियनमधली काळ्याची बाराखडी. आजही कुठल्याही क्लासमध्ये हेच शिकवतात, मीही शिकवतो.

एफ६ वर घोडा ठेवणं ही मात्र निवड आहे, सक्ती नव्हे. काळ्याला हा घोडा ई७ वरही ठेवता येतो. त्यावर नंतर येतो.

९. एच३ बी५ १०. ए३ ए५ ११. उंट ई३ बी४ १२. ए×बी४ ए×बी४ १३. घोडा ई२ उंट बी७

एच३ ही सभ्य दिसणारी चाल. जी४ ला तिचा टेकू, शिवाय ई३ वर येणाऱ्या उंटाला जी४ वरून घोडा त्रास देणार नाही. काळ्याची प्यादी ठरल्या वेळेला पुढे सरकली, ए फाईल उघडली आणि पांढऱ्याचा घोडा ई२ वर मागे गेला. काळ्याच्या दृष्टीने सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

आता इथे थांबून ए फाईल बघा. ती उघडली तेव्हा तिच्यावर हत्ती कुणाचा होता? पांढऱ्याचा. काळ्याचा हत्ती तर बी८ वर. उघड्या फाईलवर आपला हत्ती आधीच उभा असणं याला पुस्तकं लाभ म्हणतात.

१४. बी३ हत्ती ए८ १५. हत्ती सी१ …

आणि स्पास्कीने तो लाभ सोडून दिला. काळ्याने हत्ती ए८ वर परत आणून ‘अदलाबदल करतोस का?’ असं विचारलं, तर हा आपला हत्ती उचलून सी१ वर, स्वतःच्याच प्याद्यामागे नेऊन ठेवतो. ए फाईल गेलरला आंदण.

पहिल्यांदा हा डाव बघितला तेव्हा मला ही छपाईची चूक वाटली होती. आता वाटतं, डावातली सर्वांत खोल चाल हीच. पुढचं हत्तीचं बलिदान कुणालाही आवडतं, ते डोळ्यांत भरतं. पण बलिदानाची पूर्वतयारी इथे झाली. बी३ आणि हत्ती सी१ या दोन चालींनी स्पास्कीने वजिराच्या बाजूचं सगळं सामान आवरून कपाटात ठेवलं. आता तिथे काळ्याला खाण्यासारखं काय उरलं? बी३ चं प्यादं सी२ च्या आधाराने उभं. सी२ च्या मागे हत्ती. मारण्यासारखं लक्ष्य एकच, सी२, आणि त्यावर दुहेरी जोर आणायचा तर काळ्याला लांबचा फेरा मारावा लागणार. हत्तींची अदलाबदल झाली असती तर पांढऱ्याकडे हल्ल्याला मोहरे कमी पडले असते. तिकडे काळ्याचा वजीर आणि हत्ती ए फाईलवर हिंडत राहिले, तर तेवढा वेळ ते राजाजवळ नसणार.

सात चाली

१५. … हत्ती ए२ १६. जी४ वजीर ए८ १७. वजीर ई१ वजीर ए६ १८. वजीर एफ२ घोडा ए७ १९. एफ५ घोडा बी५ २०. एफ×जी६ एच×जी६ २१. घोडा जी५ घोडा ए३

हत्ती ए२. प्रतिस्पर्ध्याच्या दुसऱ्या ओळीत घुसलेला हत्ती हे बुद्धिबळातलं एक जुनं स्वप्न आहे. तो तिथे पोचला की खेळणाऱ्याची छाती दोन इंच फुगते. मीही एका जिल्हा स्पर्धेत असाच हत्ती नेऊन बसवला होता, आणि मग उठून शेजारच्या पटांवरचे डाव बघत फिरलो होतो. परत आलो तर समोरच्याचा वजीर एच४ वर. पुढचं सांगत नाही.

हत्ती दुसऱ्या ओळीत गेला, पण तिथे तो खाणार काय? बी२ रिकामं. सी२ राखलेलं. सासऱ्याच्या वाड्यात जावई शिरला खरा, पण दिवाणखान्यात बसवून ठेवलाय आणि जेवायला कुणी बोलवत नाही, अशी त्याची गत.

काळ्याच्या आठव्या ते एकविसाव्या चालीपर्यंतचा हिशेब मांडू. एकूण चौदा चाली. त्यातली विसावी, एच प्याद्याने जी६ वर मारलं ती, उत्तर म्हणून करावी लागलेली. उरलेल्या तेराच्या तेरा वजिराच्या बाजूच्या: हत्ती बी८, बी५, ए५, बी४, मारामारी, उंट बी७, हत्ती पुन्हा ए८, हत्ती ए२, वजीर ए८, वजीर ए६, घोडा ए७, घोडा बी५, घोडा ए३. एवढ्या खटाटोपातून मिळायचं काय, तर एक प्यादं. तेही अजून मिळालेलं नाही.

आणि तो घोडा. सी६ वर मध्याजवळ छान उभा होता. तिथून ए७, बी५ आणि ए३, पटाच्या पार टोकाला. वरात मंडपात पोचली, अक्षता पडल्या, आणि हे घोडं मागून लगबगीने येतंय. ए३ वर पोचल्यावर डाव संपेपर्यंत ते तिथून हललेलं नाही.

तिकडे पांढऱ्याच्या चाली बघा. सोळावी ते बाविसावी, सलग सात: जी४, वजीर ई१, वजीर एफ२, एफ५, एफ×जी६, घोडा जी५, वजीर एच४. सातही राजाच्या बाजूच्या. मध्ये एकदाही तो ‘सी२ चं काय करू’ म्हणून मागे वळलेला नाही. ते उत्तर त्याने पंधराव्या चालीलाच देऊन टाकलं होतं.

विसाव्या चालीचा नाद मला सुटत नाही. पांढऱ्याने जी६ वर मारल्यावर काळ्याकडे दोन प्यादी होती, एचचं आणि एफचं. ‘मारताना मध्याकडे मारा’ हे सगळ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. गेलरने तसंच केलं, एचच्या प्याद्याने मारलं. एफच्या प्याद्याने मारलं असतं तर ई६ चं घर कायमचं उघडं पडून पांढऱ्याच्या घोड्याला तिथे आमंत्रण मिळालं असतं, म्हणजे ही निवडही समजण्याजोगी. पण या निवडीने एच७ च्या घरावरचं झाकण निघालं. पुढच्याच चालीला घोडा जी५ वर, त्याचा रोख बरोबर एच७ आणि एफ७ वर. मग वजीर एच४ वर. आता एच७ राखायला एकटा एफ६ चा घोडा, आणि त्या घोड्यावर एफ१ च्या हत्तीची मोकळी झालेली नजर.

बाविसावी चाल

इथे मी क्लासमध्ये पट थांबवतो आणि पोरांना काळ्याची बाजू देतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, हिशेबात पक्का. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सी२ वर बोट ठेवलं.

“सर, प्यादं फुकट आहे.”

“मार मग.”

त्याने हत्तीने सी२ मारलं. मी एफ१ चा हत्ती उचलून एफ६ चा घोडा मारला. तो हसला. मी घोड्याच्या बदल्यात हत्ती देतोय, म्हणजे सर चुकले. त्याने ई७ च्या प्याद्याने माझा हत्ती मारला. मी वजीर एच७ वर ठेवला.

तो पट फिरवून फिरवून बघत राहिला. राजा एच८ ला जाऊ शकत नाही, वजिराची नजर. एफ८ वर? तिथे स्वतःचाच हत्ती. वजीर मारावा? मागे घोडा जी५ वर उभा. मात.

“हा हत्ती इथे नसता तर राजा पळाला असता,” तो एफ८ कडे बोट दाखवत म्हणाला.

“मग चाल परत घे. काय करशील?”

त्याने एफ८ चा हत्ती उचलला आणि सी८ वर ठेवला.

२२. … हत्ती सी८

गेलरची चाल. मी त्याला तेवढंच सांगितलं, तर त्याचा चेहरा असा उजळला की पुढची चाल दाखवायला मला वाईट वाटलं.

कारण हत्ती सी८ वर गेल्याने राजाला एफ८ चं दार मिळालं, पण तो हत्ती एफ८ वर उभा राहून आणखी एक काम करत होता, एफ७ चं प्यादं राखायचं. तो हलला आणि एफ७ वर पहारा उरला एकट्या राजाचा. दार उघडताना कडी निघून हातात यावी, तसं झालं.

२३. हत्ती×एफ६ ई×एफ६ २४. वजीर एच७ शह राजा एफ८ २५. घोडा×एफ७

तेविसाव्या चालीला काळ्याने उंटाने हत्ती मारला असता तर? वजीर एच७ शह, राजा एफ८, आणि वजीर×एफ७ मात. म्हणून प्याद्याने मारणं भाग. आता ते प्यादं एफ६ वर आल्यामुळे जी५ चा घोडा त्याच्या तोंडाशी. पांढऱ्याने घोडा मागे घ्यावा असं वाटेल. तो पुढे गेला.

ही चाल मला हत्तीच्या बलिदानापेक्षा जास्त आवडते. पांढऱ्याने हत्ती देऊन घोडा घेतला होता, आता वर हा घोडाही देतोय. राजाने तो लगेच मारला तर उंट एच६ वर येतो, जी७ च्या काळ्या उंटाला वजीर आणि राजाच्या मध्ये जखडतो. काळा हत्ती जी८ वर आणून उंट राखेल, तर ई२ चा घोडा एफ४ वर. त्याचा रोख जी६ वर. जी६ चं प्यादं आणि मागोमाग जी७ चा उंट, दोन्ही जातात. काळ्याचे तीन मोहरे मात्र अजून ए फाईलवरच रांगेत.

गेलरने हे बघितलंच असणार. म्हणून त्याने घोडा न मारता इतक्या चालींची उधारी वसूल केली:

२५. … हत्ती×सी२ २६. उंट एच६ हत्ती×सी१ शह २७. घोडा×सी१ राजा×एफ७

सी२ चं प्यादं अखेर पडलं. वजिराच्या बाजूच्या सगळ्या मोहिमेचं हे एकमेव फळ, आणि ते हातात आलं तेव्हा पांढरा त्या दिशेला बघतही नव्हता. तो उंट एच६ वर ठेवत होता. त्या उंटाला काळ्याच्या उंटाने मारलं तर एफ७ चा घोडा एच६ वर मारतो आणि पुढच्या चालीला वजीर एफ७ वर मात. राजा ई८ वर पळाला तर घोडा जी८, आणि आता धमकी ई७ वर मातेची.

सी१ वर घोड्याने मारताना एक बारीक गोष्ट झाली. सी२ गेल्यावर डी३ चं प्यादं उघडं पडलं होतं आणि ए६ च्या काळ्या वजिराची तिरपी नजर थेट त्याच्यावर होती. सी१ वर आलेला घोडा डी३ राखतो. म्हणजे काळ्याच्या वजिराला डावाच्या या टोकालासुद्धा काम मिळालं नाही.

२८. वजीर×जी७ शह राजा ई८ २९. जी५ एफ५

आता मोहरे मोजा. पांढऱ्याकडे वजीर, दोन उंट, घोडा. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा. प्यादी पाच-पाच. कागदावर पांढरा मागे आहे. पण काळ्याचा राजा पटाच्या मध्यावर एकटा, आणि त्याच्या चारपैकी तीन मोहऱ्यांचा संसार ए आणि बी फाईलवर. स्पास्कीने जी६ लगेच मारलं नाही, आधी जी५. काळ्याने ते प्यादं मारलं तर राजासमोरचा उरलासुरला आडोसाही जातो. गेलरने एफ५ केलं.

३०. वजीर×जी६ शह राजा डी७ ३१. वजीर एफ७ शह राजा सी६ ३२. ई×एफ५ शह

जी२ चा उंट चौथ्या चालीला आला आणि अठ्ठावीस चाली ई४ च्या स्वतःच्याच प्याद्यामागे गप्प बसून राहिला. बंद सिसिलियनला नावं ठेवणारे याच उंटाकडे बोट दाखवतात: बघा, भिंतीकडे तोंड करून बसलाय. शेवटच्या चालीला ई४ चं प्यादं बाजूला झालं आणि जी२ पासून सी६ पर्यंतची तिरपी रेघ उघडली. शह त्या उंटाचा. राजा बी६ वर गेला तर वजीर×बी७ शह, वजीर×बी७, उंट×बी७, राजा×बी७, आणि मग एफ६. एफ, जी आणि एच फाईलवरची पांढऱ्याची तीन प्यादी धावत सुटतात, त्यांच्या वाटेत काळ्याचं एकही प्यादं नाही, आणि एच६ चा उंट एफ८ च्या घरावर पहारा देतोय.

गेलरने डाव सोडला. घोडा ए३ वर.

काळ्याने वेगळं काय करावं

‘चूक कुठे झाली’ असं विचारलं की बहुतेक जण एकविसाव्या-बाविसाव्या चालीकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. बाविसाव्या चालीला घर पेटलेलं आहे, तिथे बादली कुठली उचलली यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

माझं बोट अठराव्या चालीवर. पांढऱ्याचा वजीर एफ२ वर आलाय, एफ४ आणि जी४ ची प्यादी शेजारी शेजारी उभी, पुढची चाल एफ५ हे आंधळ्यालाही दिसतं. इथे गेलरने सी६ चा घोडा ए७ कडे वळवला, म्हणजे मध्याला पाठ दाखवून. माझे विद्यार्थी या जागी दुसरा घोडा, एफ६ चा, डी७ वर मागे घेतात आणि मला तीच चाल निरोगी वाटते. एफ फाईल उघडली तरी हत्तीला समोर घोडा सापडणार नाही, जी७ च्या उंटाची तिरपी रेघ मोकळी होते, आणि ई५ चं घर घोड्याच्या आवाक्यात येतं. याने डाव वाचला असता असा दावा मी करत नाही. पण निदान राजाच्या घरी कुणीतरी राहिलं असतं.

मुळातला उपाय त्याच्याही आधीचा. पांढऱ्याने एफ४ केलं की आज अनेक जण काळ्याने ई६ करतात आणि घोडा ई७ वर ठेवतात. त्याने एफ फाईल झाकली जात नाही, त्यामुळे वेळ आली की काळा स्वतःच एफ५ करून पांढऱ्याच्या प्याद्यांना तिथल्या तिथे थोपवू शकतो. जी४, एफ५ ही सगळी मिरवणूकच निघत नाही. घोडा एफ६ वर असेल तर एफ प्यादं हलत नाही, आणि हल्ला आला की पहिला मार त्या घोड्यालाच. या डावात पडला तो तेविसाव्या चालीला.

एफ६ वाली पद्धत म्हणून मोडीत निघाली असं समजू नका, ती आजही खेळतात आणि नीट खेळली तर काळ्याचं बरं चालतं. ती खेळणाऱ्याने ए२ वर हत्ती नेऊन बसवण्याच्या आधी एकदा आपल्या एच७ कडे बघावं, एवढंच.

पुढे

सामना आठ डावांत संपला, स्पास्की साडेपाच, गेलर अडीच. एकही डाव न हरता. मग माल्मोमध्ये लार्सन, कीव्हमध्ये कोर्चनोय, आणि १९६९ मध्ये मॉस्कोत पेट्रोशियन. साडेबारा विरुद्ध साडेदहा गुणांनी स्पास्की विश्वविजेता झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा जगभरच्या बातम्यांत फिशर आणि १९७२ चा रेकयाविक, म्हणजे फिशरने त्याचं विश्वविजेतेपद घेतलं तो सामना, एवढंच होतं. बंद सिसिलियन खेळणाऱ्या आम्ही काही जणांनी त्या रविवारी हा डाव मांडला.

गेलर त्यानंतरही पुष्कळ खेळला. १९७९ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, त्याने सोव्हिएत अजिंक्यपद दुसऱ्यांदा जिंकलं. त्याच्या सात वर्षं आधी, रेकयाविकला फिशरशी लढायला निघताना स्पास्कीने ओपनिंगच्या तयारीसाठी जे मदतनीस सोबत नेले, त्यात क्रोगियस होता, नेई होता आणि येफिम गेलर होता.